मदत हवी आहे : भारुडाच्या जुन्या कॅसेटची खरी पट्टी (गाण्याच्या मूळ स्वराची उंची) कशी ठरवावी?

गोदाकाठ (पैठण तालुका)

राम कृष्ण हरी. आमच्या गावच्या भजनी मंडळाने नव्वदच्या दशकात नाथषष्ठीला पैठणमध्ये सादर केलेल्या भारुडांची एक कॅसेट मला मिळाली. ती संगणकावर उतरवून मी इंटरनेटवर ठेवली आहे. मुख्य आवाज माझ्या दिवंगत चुलत्यांचा आहे. तेव्हापासून त्या ध्वनिमुद्रणाखाली अनोळखी लोकांचा वाद पेटला आहे. एका गटाचे म्हणणे असे, की हल्ली छोट्या व्हिडिओंसाठी गाण्यांचा वेग मुद्दाम वाढवतात तोच प्रकार मी केला आहे, कारण इतक्या चढ्या पट्टीत कोणी तासभर गाऊ शकत नाही. दुसरा गट म्हणतो, की जुने वारकरी गायक याच पट्टीत गात असत आणि आजच्या पिढीचे गळेच तयार नाहीत. मी वेगाला हातही लावलेला नाही. परंतु मंडळातील मुले याच ध्वनिमुद्रणावरून चाली बसवत आहेत, येत्या षष्ठीला त्यांना उभे राहायचे आहे, आणि पेटी कोणत्या पट्टीत धरायची यावरून आता गावातही दोन तट पडले आहेत. कोणाचे खरे आहे, हे खात्रीने ठरवण्याचा उपाय कृपया लवकर सांगावा.

दुरुस्तीवाला (नांदेड)

माउली, आपण वादाची माहिती दिली, यंत्रांची दिलीच नाही. कॅसेट कोणत्या यंत्रावर वाजवली? मुद्रण कोणत्या यंत्रावर झाले होते? कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटीमीटर या ठरलेल्या वेगाने सरकली पाहिजे. मुद्रण करणारे यंत्र हळू चालले असेल किंवा वाजवणारे यंत्र जलद चालत असेल, तर दोन्ही प्रसंगी आवाज चढाच ऐकू येतो, म्हणून आधी दोष कोणत्या टोकाला आहे ते पाहावे लागेल. घरात एखाद्या चित्रपटाची बाजारात विकली गेलेली कॅसेट असेल तर ती त्याच यंत्रावर लावा आणि त्यातील एका गाण्याचा कालावधी इंटरनेटवरील त्याच गाण्याशी ताडून पाहा. तो जुळला तर आपले यंत्र निर्दोष आहे.

ध्वनिरसिक (लातूर)

मुळात ध्वनी उतरवण्याची पद्धतच योग्य नसेल तर पुढची चर्चा व्यर्थ आहे. लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटमध्ये पिन घालून उतरवले असल्यास ते सर्व रद्द समजावे. एक बाह्य साउंड कार्ड घ्या आणि 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर पुन्हा मुद्रण करा. मी माझा संपूर्ण संग्रह तसाच उतरवला असून आवाजातील फरक कोणालाही जाणवेल इतका स्पष्ट आहे.

तरंग (परभणी)

ध्वनिरसिक यांच्याशी मी सहमत नाही. नमुने घेण्याचा दर (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने टिपायचे तो आकडा) सर्वोच्च वारंवारितेच्या दुपटीहून अधिक असला, की त्या वारंवारितेपर्यंतचा ध्वनी पूर्णपणे पुन्हा उभा करता येतो. हा सिद्धांत गणिताने सिद्ध झालेला आहे आणि त्यात आवडीनिवडीला वाव नाही. सीडीचा दर 44.1 किलोहर्ट्झ आहे, म्हणजे सुमारे 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सर्व काही त्यात मावते. मांडवात साध्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटमध्ये त्याच्या जवळपासही काही नसते. शिवाय प्रश्न पट्टीचा आहे. चुकीच्या वेगाचा आवाज 96 किलोहर्ट्झवर उतरवला तरी तो चुकीच्याच वेगाचा राहील.

ध्वनिरसिक (लातूर)

सिद्धांत मलाही ठाऊक आहे. तरीही आयासा या ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका किमान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट सांगते. जगभरातील संग्रहालये हे पाळतात, त्यामागे काही विचार असेलच. ही फीत आणखी दहा वर्षांनी वाजेल की नाही कोणी सांगू शकत नाही, तेव्हा आजच जास्तीत जास्त तपशील का साठवू नये?

कायदेपंडित (धाराशिव)

एका महत्त्वाच्या बाबीकडे सर्वांचे दुर्लक्ष होत आहे. संत एकनाथांनी 1599 मध्ये देह ठेवला, त्यामुळे भारुडांच्या शब्दांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. परंतु ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यानुसार 60 वर्षे टिकतो, आणि सादर करणाऱ्या कलावंतांचे हक्क वेगळे असून ते 50 वर्षे चालतात. टाळकरी, पेटीवादक, पखवाजवादक या सर्वांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती घेतली आहे काय?

गोदाकाठ (पैठण तालुका)

संमतीचा प्रश्न मी विचारलेला नाही. मंडळ आमचेच आहे आणि सर्वांच्या इच्छेनेच हे ध्वनिमुद्रण बाहेर आले आहे. यंत्राचे म्हणाल तर चित्रपटाची कॅसेट लावून पाहिली, कालावधी तंतोतंत जुळला. मुद्रण चुलत्यांच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर) झाले होते. आता पट्टीचे सांगा.

पेटीमास्तर (अंबाजोगाई)

भाऊ, पट्टी सुरुवातीला कोणती आहे आणि बाजू संपताना कोणती आहे, हे स्वतंत्रपणे तपासून सांगा. आपण संपूर्ण कॅसेटची एकच पट्टी गृहीत धरून प्रश्न विचारला आहे.

गोदाकाठ (पैठण तालुका)

पहिल्या बाजूला सुरुवातीची दहाएक मिनिटे पट्टी पांढरी चारच्या (पेटीच्या सप्तकातील चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या) किंचित वर आहे. त्यानंतर हळूहळू चढत जाऊन शेवटी काळी तीनला, म्हणजे तिच्या लगतच्या अर्ध्या स्वराने वरच्या काळ्या पट्टीला, पोहोचते. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा पुन्हा थोडी उतरलेली असते आणि तेथून परत चढते. मला वाटले होते की भारूड रंगात येते तसा आवाज चढतोच, म्हणून ते लिहिले नाही. मांडवातल्या विजेचा भरवसा नसल्याने टू-इन-वन सेलवर चालवला होता.

दुरुस्तीवाला (नांदेड)

हीच माहिती हवी होती. टू-इन-वनच्या मोटारीत वेग स्थिर राखणारा गव्हर्नर असतो. सेल ताजे असतात तोवर तो आपले काम चोख करतो, व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की मात्र मोटार मंदावू लागते. मुद्रणाच्या वेळी फीत हळू सरकली आणि आज आपण ती योग्य वेगाने वाजवता, म्हणून आवाज चढत गेलेला ऐकू येतो. बाजू पालटताना यंत्र काही वेळ बंद राहिले असणार, आणि विश्रांती मिळाली की साधे सेल थोडे सावरतात. दुसरी बाजू उतरलेल्या पट्टीत का सुरू होते, याचे कारण हेच आहे.

रंगकर्मी (जालना)

क्षमा करा, पण हे सगळे विजेच्या उपकरणांचे तर्कशास्त्र झाले. मी स्वतः भारुडात सोंग घेऊन उभा राहिलो आहे. समोर हजारोंचा समुदाय असतो, झीलकरी (मागून साथ गाणारे) रेटा देतात, लय वाढते आणि गाणाऱ्याचा स्वर आपोआप वर जातो. यंत्राने ही गोष्ट मोजता येत नाही. त्या गायकाच्या ताकदीचे श्रेय आपण सेलला देत आहात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेटीमास्तर (अंबाजोगाई)

रंगकर्मी, लय वाढते हे आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच लयीवरून फितीचा वेग ठरवता येणार नाही. गळाही चढू शकतो. पेटी मात्र चढू शकत नाही. पेटीचा सूर पितळी पत्तीच्या लांबी-जाडीवर ठरतो. भाता जोरात मारला तर त्यात अगदी सूक्ष्म फरक पडतो, पण पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधल्या जागेवरून पेटी सरकत जाऊच शकत नाही, कारण तेथे पट्टीच नाही. वादकाने पट्टी बदलली असती तर सूर एका उडीत बदलला असता. गोदाकाठ, गाणे थांबून केवळ पेटी वाजते अशा जागा शोधा. तेथेही सूर हळूहळूच चढत असेल, तर दोष गायकाकडे नाही.

रंगकर्मी (जालना)

पेटीबाबतचा आपला मुद्दा बिनतोड आहे. परंतु सुरुवातीचा भाग तरी खऱ्या पट्टीतला आहे, हे कशावरून?

तरंग (परभणी)

त्यासाठी माझ्याकडे एक मार्ग आहे. मांडवात कर्णे वाजत होते, म्हणजे त्यांच्या मशीनची (ॲम्प्लिफायरची) घरघर मुद्रणात उतरली असणारच. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने अशा मशीनची घरघर बहुधा त्याच्या दुपटीवर, म्हणजे 100 हर्ट्झवर सापडते. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत गाणे थांबलेली एखादी जागा निवडून तिचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारितेचा ध्वनी किती आहे याचा आलेख) काढा आणि नमुन्यांची खिडकी 65536 ठेवा, म्हणजे एक हर्ट्झहून कमी फरकही दिसेल. घरघर 100 ऐवजी 105 वर आढळली तर त्या जागी वेग पाच टक्के अधिक आहे. मात्र लॅपटॉपचा चार्जर काढूनच कॅसेट पुन्हा उतरवा. चार्जरमधून येणारी घरघरही 50 आणि 100 वरच बसते आणि दोन्हींची गल्लत होते.

दुरुस्तीवाला (नांदेड)

तरंग यांची पद्धत चांगली आहे, तथापि 100 हा आकडा डोळे झाकून धरू नये. नव्वदच्या दशकात संध्याकाळी भार वाढला की ग्रिडची वारंवारिता 49 किंवा त्याखालीही उतरत असे. भारनियमनामुळे मांडवात जनरेटर असेल तर त्याचा आकडा आणखी वेगळा. घरघरीवरून चढ किती झाला ते नेमके कळेल, मूळ जागा कळणार नाही.

तरंग (परभणी)

ही मर्यादा मला मान्य आहे. पेटीलाही तीच मर्यादा आहे, कारण प्रत्येक पेटी प्रमाण सुरालाच लावलेली असते असे नाही. प्रमाण पांढरी चार सुमारे 349 हर्ट्झ असते, गावोगावच्या जुन्या पेट्या त्याच्या खाली-वर आढळतात.

गोदाकाठ (पैठण तालुका)

तीच पेटी अजून मंदिरात आहे.

पेटीमास्तर (अंबाजोगाई)

हे आपण आत्ता सांगता आहात! त्या पेटीची पांढरी चार मध्यम भात्यावर वाजवा आणि सूर मोजून द्या. त्या काळानंतर पत्त्या बदलल्या किंवा घासल्या आहेत का, हेही जुन्या माणसांना विचारून घ्या.

गोदाकाठ (पैठण तालुका)

मंदिरात जाऊन मोजले. पेटीची पांढरी चार 346 हर्ट्झ आहे. पेटी ज्यांच्या ताब्यात आहे ते बुवा सांगतात, की भात्याचे कापड बदलले, पत्त्यांना कोणी हात लावलेला नाही. चार्जर काढून कॅसेट पुन्हा उतरवली. त्यात हाच सूर सुरुवातीला 352 आणि पहिल्या बाजूच्या शेवटी 370 दिसतो. घरघर सुरुवातीला 99.7 आणि शेवटी 104.8 आहे. केवळ पेटी वाजते त्या जागाही हळूहळूच चढत गेल्या आहेत. मला यातून काही उलगडा होत नाही.

तरंग (परभणी)

उलगडा झालेला आहे. 352 ला 346 ने भागले तर वेग सुरुवातीलाच 1.7 टक्के अधिक होता, आणि 370 वरून शेवटी तो 6.9 टक्के अधिक झाला. आता घरघरीला याच प्रमाणांनी भागा : दोन्ही ठिकाणी उत्तर 98 येते. म्हणजे त्या रात्री वीज 49 हर्ट्झच्या आसपास होती. पेटी आणि विजेची घरघर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नसताना दोन्ही एकाच प्रमाणात चढल्या आहेत, तेव्हा चढ फितीच्या वेगातलाच आहे. केवळ घरघरीवर विसंबून राहिलो असतो, तर 99.7 पाहून सुरुवात निर्दोष आहे असेच मी सांगितले असते. दुरुस्तीवाला यांनी वेळीच अडवले, हे बरे झाले.

पेटीमास्तर (अंबाजोगाई)

अर्धा स्वर म्हणजे सुमारे सहा टक्के. बाजू संपताना ऐकणाऱ्याला अर्ध्या स्वराहून अधिक चढा आवाज ऐकू येतो, तेव्हा वेग वाढल्याचा संशय घेणाऱ्यांचे कान खोटे नव्हते. मात्र त्यात कोणाचीही लबाडी नाही. आणि आपल्या चुलत्यांनी संपूर्ण भारूड पांढरी चारमध्ये उभे राहून म्हटले आहे, ही काही खालची पट्टी नव्हे. मुलांना पांढरी चारच धरायला सांगा, आणि ती याच पेटीवर. ज्यांना ती पेलत नाही त्यांनी खुशाल काळी दोनमध्ये म्हणावे, भारुडाला त्याने बाधा येत नाही.

रंगकर्मी (जालना)

पट्टीचा निकाल मला मान्य आहे. तरीही माझी एक विनंती आहे. वेग दुरुस्त केल्यावर लयही थोडी उतरेल आणि ते ऐकून मुले संथ म्हणतील. षष्ठीच्या गर्दीत संथ भारूड टिकत नाही.

तरंग (परभणी)

उतरलेली लय हीच त्या रात्रीची खरी लय आहे. आज ऐकू येते ती यंत्राने वाढवलेली आहे. गोदाकाठ, दुरुस्तीसाठी एकच टक्केवारी संपूर्ण बाजूला लावू नका. पट्टी पहिली दहा मिनिटे स्थिर आहे आणि नंतर चढते, तेव्हा दर दोन-तीन मिनिटांनी घरघर मोजून ऑडॅसिटीच्या टाइम ट्रॅकवर (जागोजागी वेग बदलण्याच्या पट्ट्यावर) बिंदू बसवा. लय कायम ठेवून केवळ सूर उतरवण्याची सोय त्या प्रणालीत आहे, पण ती येथे वापरू नये.

ध्वनिरसिक (लातूर)

आणि मूळ उतरवलेली प्रत काहीही न बदलता जपून ठेवा. एमपी3 मध्ये नको, फ्लॅक किंवा वेव्हमध्ये ठेवा. या एका बाबतीत तरी तरंग माझ्याशी सहमत होतील.

तरंग (परभणी)

पूर्णपणे सहमत आहे. 48 किलोहर्ट्झवर ठेवली तरी चालेल.

गोदाकाठ (पैठण तालुका)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. दुरुस्त प्रत मूळ प्रतीच्या शेजारीच ठेवीन आणि मोजलेले आकडे खाली लिहीन, म्हणजे वाद घालणाऱ्यांना स्वतः तपासून पाहता येईल. दुसऱ्या बाजूला मध्येच एके ठिकाणी आवाज काही क्षण दबतो आणि परत येतो. तोही सेलचाच परिणाम आहे काय?

दुरुस्तीवाला (नांदेड)

तो सेलचा परिणाम नसावा. त्या जागी फीत चुरगळलेली असेल किंवा हेडवर मळ बसलेला असेल. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि पिंच रोलर (फीत ओढणारे रबरी चाक) स्पिरिटने पुसा आणि तेवढा भाग पुन्हा वाजवून पाहा. आवाज त्याच जागी दबला तर फितीत दोष आहे, दुसरीकडे दबला तर यंत्रात. तोपर्यंत कॅसेट वारंवार मागेपुढे करू नका, आणि तिच्या मागच्या कडेवरील प्लास्टिकच्या दोन्ही पाकळ्या अजून शाबूत असतील तर त्या आजच मोडून टाका, म्हणजे चुकून कोणाकडून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही.