ईस्ट नाइन्थ स्ट्रीटवरचे न्यूयॉर्क

सुपरहिरोंच्या चित्रपटांतील शहरांची पडझड सगळी संगणकावरच रचलेली असते, असे म्हटले जाते, ते मला पूर्णपणे पटत नाही. ऑगस्ट 2011 मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलंडच्या मध्यवस्तीत ‘द अव्हेंजर्स’ या सुपरहिरोपटाचे चित्रीकरण चालू असताना मी तो सेट पाहून आलो होतो. ईस्ट नाइन्थ स्ट्रीट हा एरवी बँका आणि कचेऱ्यांचा गजबजलेला रस्ता, पण तेव्हा तो वाहतुकीला बंद करून तिथे न्यूयॉर्क उभे केले होते: पिवळ्या टॅक्सी, चेपलेल्या मोटारी आणि सगळ्यावर राखाडी धुळीचा थर. कठड्यापलीकडचा काँक्रीटचा भलामोठा ढलपा एका कामगाराने एका हाताने उचलून जागा बदलून ठेवला, तेव्हाच तो खोटा असल्याचे कळले. तोवर डोळ्यांना शंकाही आली नव्हती. आकाशातून येणारे शत्रू अर्थातच नंतर संगणकाने भरले, मात्र कलाकारांच्या पायाखालचा ढिगारा खरोखर रचलेला होता. याच शहरातील पब्लिक स्क्वेअर पडद्यावर जर्मनीतील श्टुटगार्ट म्हणून दिसतो. न्यूयॉर्क सोडून इथे येण्यामागे ओहायो राज्याची करसवलत हे मोठे कारण होते.