फ्लोराइडबद्दल विचारलं तर डॉक्टर वैतागले, लावून घ्यावं का?

घोडबंदरची_आई:
मुलगा साडेचार वर्षांचा आहे, वरच्या पुढच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ आलीये म्हणून घराजवळच्या एका डेंटिस्टकडे नेलं. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले फ्लोराइड वार्निश लावून घ्या. मी फक्त विचारलं की पोटात गेलं तर काय, तर म्हणे "मॅडम, व्हॉट्सॲपवरचं वाचून येऊ नका". खूप लागलं मला ते. सासूबाईंचं माहेर किनवटकडचं, त्यांच्या भावाचे दात लहानपणापासून तपकिरी आहेत, त्या उगाच नाही घाबरत. त्यात आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. काय करू?

नेरुळची_दातवाली:
मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे. तुम्ही विचारलंत ते अगदी बरोबर केलंत, आणि सासूबाईंचंही खरंय. किनवट, यवतमाळ, चंद्रपूर भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. आपल्याकडे मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 1.5. त्याहून जास्तीचं पाणी मूल वर्षानुवर्षं पितं तेव्हा हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असतात, ते डाग तिथून येतात. वार्निश म्हणजे 5 टक्के सोडियम फ्लोराइड, पण ब्रशने थेंबभर दातावर लावायचं, लाळ लागली की चिकटून बसतं, आणि तेही तीन ते सहा महिन्यांतून एकदा. रोज पिण्याच्या पाण्याशी त्याची तुलना होत नाही.
मी तरी आधी पाणी कुठलं ते विचारते. इथे नवी मुंबईत मोरबे धरणाचं येतं, पण तुमच्या टँकरमध्ये बोअरचं असू शकतं, सेक्रेटरींना सांगून एकदा तपासून घ्याच. मग कापसाने दात कोरडा करून आईच्या हातात आरसा देते. ओल्या दातावर नीट न दिसणारी रेघ कोरड्यावर लख्ख दिसते, तिथला कॅल्शियम निघून चाललाय, अजून खड्डा पडलेला नाही, म्हणजे ती रेघ वार्निशने तिथेच थांबवता येते. हे बघितलं की पुढचं बोलणं सोपं जातं, दटावायची वेळच येत नाही.

ऐरोलीचा_बाबा:
आमच्या डॉक्टरांनी मलाच सांगितलं, घरी लावता तशी पेस्ट लावून दाखवा. मी जाहिरातीत असते तशी अख्खा ब्रश भरून लावली. त्यांनी बोटाने पुसत पुसत वाटाण्याएवढी ठेवली, म्हणाले 3 ते 6 वर्षांना एवढीच, 3 च्या आत असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी, ट्यूबवर फ्लोराइड 1000 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) आहे का बघा, आणि थुंकायला लावा. मुलगी चार वर्षांची होती, तोवर ती किती पेस्ट गिळायची ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घोडबंदरची_आई:
आरशाचं कोणी केलंच नाही आमच्याकडे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते, सासूबाईंनाही नेऊ का?

नेरुळची_दातवाली:
नक्की न्या, भावाच्या दातांबद्दल त्यांनाच सांगू दे. मुलाला आधी पोटभर खायला घालून न्या, कारण नंतर काही तास कडक आणि गरम द्यायचं नाही आणि त्या रात्री ब्रश करायचा नाही. दात थोडे पिवळट, चिकट वाटतील, दुसऱ्या दिवशी ब्रश केला की जातं.