मदत हवी आहे : मिठातलं आयोडीन आणि औषधातलं रेडिओॲक्टिव्ह आयोडीन एकच का?

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. वहिनीचा थायरॉईड वाढलेला आहे, दोन वर्षं गोळ्या झाल्या, आता नाशिकच्या डॉक्टरांनी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन द्यायचं ठरवलंय, आयोडीन-१३१ म्हणून, आणि त्याच्या आधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद करायला सांगितलंय. आई लगेच म्हणाली, "मीठमा बी तेच शे ना, मंग ते बंद कसाले?" मला उत्तरच देता आलं नाही.

दहावीत शिकलेलं आठवतं, प्रोटॉन तेवढेच आणि न्यूट्रॉन कमीजास्त म्हणजे समस्थानिक. आयोडीनचे प्रोटॉन ५३, नावापुढचा आकडा म्हणजे दोन्हींची बेरीज, तर मिठातलं १२७ म्हणजे न्यूट्रॉन ७४, औषधातलं १३१ म्हणजे ७८. चार न्यूट्रॉनचाच तर फरक, मग एक रोजच्या भाजीत आणि दुसरं द्यायचं म्हटलं की लहान मुलं लांब ठेवा, हे कसं काय? गळ्यातल्या ग्रंथीला यातला फरक कळतो का? आणि मिठात पण थोडं १३१ असतं का? घरात चार वर्षांची पुतणी आहे, ती वहिनीला सोडून झोपत नाही, त्यामुळे जीव लागून राहिलाय. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद, धुळ्याहून :
दादा, मी विज्ञान शिकवतो. ग्रंथीला फरक अजिबात कळत नाही आणि सगळा उपचार त्यावरच चालतो. कोणता पदार्थ कशाशी जोडला जाणार हे इलेक्ट्रॉन ठरवतात आणि ते प्रोटॉनएवढेच, दोन्हीकडे ५३. म्हणून तर मीठ बंद. गुराला आधी पोटभर चारा टाकला तर ते ढेपेला तोंड लावेल का? तसंच ग्रंथी मिठाच्या आयोडीनने भरलेली असली तर औषधाचं कमी ओढते.

फरक आहे तो अणुकेंद्रात. ७८ न्यूट्रॉन ५३ प्रोटॉनला झेपत नाहीत, त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, बीटा कण, म्हणजे वेगानं सुटलेला इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो आणि प्रोटॉन झाले ५४, म्हणजे तो अणू आता आयोडीन राहिलाच नाही, झेनॉन झाला. बीटा कण शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो, म्हणून मार मुख्यतः ग्रंथीच्याच पेशींना बसतो. सोबत गॅमा किरण निघतात, ते मात्र अंगाबाहेर येतात, लेकराला लांब ठेवायचं ते त्यामुळे. दर ८ दिवसांनी उरलेल्यातलं निम्मं संपतं, वर लघवीवाटेही जातं. किती दिवस लांब ते डोसवर असतं, डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या. आणि वहिनी गरोदर नाहीत ना, हे आधी तपासायला सांगा.

मिठाची काळजी नको, निसर्गातलं आयोडीन १२७च. ८ दिवसांत निम्मं होणारं खाणीत किंवा समुद्रात साठून कसं राहील? ते अणुभट्टीत टेल्युरियमपासून बनवतात, आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेला.

प्रतिसाद, रावेरहून :
आमच्या केळीचं उलटं आहे बघा. पोटॅशियममध्ये दर दहा हजार अणूंत साधारण एक पोटॅशियम-४० असतो, तो रेडिओॲक्टिव्ह. त्याला निम्मं व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात म्हणून पृथ्वी झाली तेव्हापासूनचा अजून शिल्लक आहे. पोटॅशच्या पोत्यात तोच, केळात तोच, आपल्या अंगातही तोच. केळी जास्त खाल्ली म्हणून तो साठत नाही, शरीर पोटॅशियम ठरावीकच ठेवतं, बाकीचं बाहेर टाकतं.

मूळ लेखक :
सर, खूप खूप आभार. ढेपेचं सांगितलं तर आईला एका झटक्यात पटलं. आता पुतणीला तेवढे दिवस तिच्या मामाकडे पारोळ्याला पाठवतोय. एकच राहिलं, वर्षाचं लोणचं, पापड सगळं आयोडीनच्याच मिठातलं आहे, तेही बंद का?

धुळ्याहून :
हो, तेही बंद, आणि हॉटेलचं, पाकिटातलं फरसाण पण. कळण्याच्या भाकरीच्या पिठातही मीठ असतं, ते विसरू नका. दूध-अंड्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या.