घरात तीन पातळ्यांचे तीन वादक : गिटार शिकवणारे व्हिडिओ कोणत्या निकषावर निवडावेत?

पाचवा पडदा, नाशिक

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी दोन गिटारी असून त्या वाजवणारे तिघे आहोत, आणि तिघांची तयारी निरनिराळी असल्यामुळे एकाला उपयोगी पडलेला व्हिडिओ दुसऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिने दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली. मी महाविद्यालयात असताना थोडेफार वाजवत असे. सी, जी, डी, ए मायनर या कॉर्ड (एकत्र छेडायचे सुरांचे गट) मला येतात, परंतु एफ किंवा बी मायनर आली की गाणे तिथेच अडते, आणि गेली वीस वर्षे ते तिथेच अडलेले आहे. धाकटा भाऊ पिकने (तारा छेडायच्या चकतीने) लीड, म्हणजे सुरावट, चांगली वाजवतो आणि त्याला आता फिंगरस्टाइलकडे, म्हणजे नुसत्या बोटांनी वाजवण्याकडे, वळायचे आहे.

मुलीसाठी आम्ही एक सशुल्क मालिका घेतली होती. तिच्यावर ‘अगदी नवशिक्यांसाठी’ असे लिहिले होते, तरी तिसऱ्याच धड्यात शिक्षकाने एफ लावायला सांगितली. परवा तर मुलगी व्हिडिओसमोर गिटार उलटी, म्हणजे मान उजव्या हाताकडे करून, बसलेली दिसली. ‘सर तशीच धरतात,’ असे तिचे म्हणणे होते. अशा परिस्थितीत व्हिडिओ निवडताना नेमके काय पाहावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

संध्याकाळची शिकवणी, ठाणे

आपल्या मुलीचे काही चुकलेले नाही. शिक्षक समोर बसलेला असला की त्याच्या गिटारची मान आपल्याला उजवीकडे दिसते आणि मूल आरशात पाहिल्याप्रमाणे ते उचलते. म्हणून लहान मुलांसाठी असा व्हिडिओ पाहावा, ज्यात डाव्या हाताचे चित्र जवळून आणि शक्यतो वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून घेतलेले आहे. ते नसेल तर निदान कॉर्डची आकृती हाताच्या शेजारी स्क्रीनवर टिकून राहायला हवी.

‘नवशिके’, ‘मध्यम’, ‘प्रगत’ या चिठ्ठ्या व्हिडिओ तयार करणाऱ्याने चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येकाचे माप वेगळे असते, त्यामुळे त्यांवर मी विसंबत नाही. माझी कसोटी साधी आहे : डोळे मिटून पाच मिनिटे व्हिडिओ नुसता ऐकावा. कोणते बोट कोणत्या तारेवर आणि कितव्या पडद्यावर (फ्रेटवर) ठेवायचे, हे केवळ बोलण्यावरून कळत असेल तर तो माणूस शिकवतो आहे. ‘हे असे, मग हे असे’ एवढेच ऐकू येत असेल तर तो फक्त वाजवतो आहे. ही कसोटी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 1967 मध्ये अमेरिकन गिटारवादक हॅपी ट्रॉम यांनी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथून ध्वनिफितींवर गिटारचे धडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा दाखवण्याची सोयच नव्हती. सगळे शब्दांतच सांगावे लागे, आणि लोक त्यावर शिकत होते.

मुलीसाठी एकच शिक्षक आणि एकच मालिका घ्यावी, आणि धडे क्रमाने घ्यावेत. जस्टिन सँडरको यांचे ‘जस्टिनगिटार’ हे संकेतस्थळ 2003 पासून चालू आहे. त्यावरचा श्रेणीनिहाय अभ्यासक्रम विनामूल्य असून सुरुवात ए, डी आणि ई या सोप्या कॉर्डनी होते. त्यात एका मिनिटात दोन कॉर्डमधील बदल किती वेळा जमतो हे मोजण्याचा एक सराव आहे. मुलांना मोजायला आवडते. आज अठरा, उद्या एकवीस, यातच त्यांचा आठवडा निघून जातो. धडे इंग्रजीत आहेत, तेव्हा पहिले काही दिवस आपण शेजारी बसावे.

आपल्यासाठी मात्र मी कोणताही अभ्यासक्रम सुचवणार नाही. वीस वर्षे वाजवून एकाच जागी अडलेला माणूस पुन्हा पहिल्या धड्यापासून बसला, तर आठवड्याभरात कंटाळतो. आपण फक्त बारे कॉर्डविषयीचे (एफसारख्या, ज्यांत तर्जनी तारांवर आडवी दाबून धरावी लागते) दोन-तीन व्हिडिओ शोधावेत आणि त्यांतून असा निवडावा, जो पहिल्या पडद्यापासून सुरुवात करत नाही. पहिला पडदा नटला, म्हणजे मानेच्या टोकाकडील खाचांच्या पट्टीला, खेटून असतो, तिथे तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो. एफचाच आकार पाचव्या पडद्यावर धरला तर ए मेजर वाजते आणि हाताला निम्मेच कष्ट पडतात. तिथे आवाज स्वच्छ आला की रोज एकेक पडदा खाली सरकत यावे. तर्जनी सपाट न ठेवता तिची अंगठ्याकडची हाडाळ कड तारांवर यायला हवी, हे जो शिक्षक सांगत नाही त्याचा व्हिडिओ तिथेच बंद करावा. आणि एकदा गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून नटची उंची तपासून घ्यावी. कित्येकदा दोष बोटांचा नसून नटमधल्या खाचांचा असतो.

काळी एक, कोल्हापूर

शिकवणी सरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण एक पुस्ती जोडते. मी गाते आणि गाण्यापुरती गिटार वाजवते. आमच्यासारख्यांना अभ्यासक्रमाच्या व्हिडिओंपेक्षा एकेका गाण्याचे व्हिडिओ अधिक लागतात, आणि तिथे पहिली गोष्ट पाहायची ती ही की शिक्षक मूळ पट्टी आणि कॅपोची (सर्व तारा एका पडद्यावर दाबून पट्टी वर नेणाऱ्या चिमट्याची) जागा सुरुवातीलाच सांगतो का. पुष्कळ व्हिडिओंत कॅपो गिटारवर दिसत असतो, पण त्याचा उल्लेख कोणी करत नाही. मग आपण घरी त्याच कॉर्ड धरतो आणि गाण्याशी काही केल्या जुळत नाही.

माझी पट्टी काळी एक, म्हणजे सीच्या अर्धा सूर वर, आहे. व्हिडिओत सी, ए मायनर, एफ, जी अशी रचना असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावून माझे काम होते. एफ नकोशी असेल, तर तीच रचना सहाव्या पडद्यावर कॅपो लावून जी, ई मायनर, सी आणि डी या आकारांत वाजवता येते. एफवाचून अडणाऱ्या दादांनी हा मार्ग जरूर पाहावा.

संध्याकाळची शिकवणी, ठाणे

ताई, उपाय अचूक आहे. परंतु अशाच उपायांनी वीस वर्षे निघून जातात!

नायलॉनच्या तारा, डब्लिन

भावाविषयी लिहितो, कारण लीडकडून फिंगरस्टाइलकडे मीही असाच वळलो होतो. डाव्या हाताची तयारी झालेली असते, म्हणून असा वादक स्वतःला प्रगत समजतो आणि अवघड रचनांचे व्हिडिओ उघडतो. उजवा हात मात्र पहिलीतच असतो. त्याच्यासाठी योग्य व्हिडिओ तो, ज्यात पहिली दहा मिनिटे अंगठ्याशिवाय दुसरे काहीच नाही : खालच्या सुरांच्या दोन तारांवर आलटून पालटून, मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर), संथ लयीत. अंगठा आपोआप चालू लागेपर्यंत वरची सुरावट घेऊ नये. त्याला हे अपमानास्पद वाटेल, मलाही वाटले होते.

या अंगठ्याच्या शैलीला अमेरिकेतील केंटकीचे गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांचे नाव आहे. ते मुख्यतः अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवत. पुढे नामवंत गिटारवादक झालेल्या चेट अ‍ॅटकिन्स यांनी त्यांना लहानपणी रेडिओवर ऐकले. हात दिसत नसल्यामुळे एवढा आवाज दोनच बोटांतून निघतो हे त्यांच्या लक्षात आले नाही, आणि अधिक बोटे वापरून त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. म्हणून भावाने पुढे कोणतीही रचना घेताना आधी ती केवळ ऐकून आठ मात्रा तरी स्वतः बसवून पाहाव्यात आणि मगच हात दाखवणारा व्हिडिओ लावावा. तेव्हा यूट्यूबचा वेग 0.75 किंवा 0.5 वर आणावा. सूर तोच राहतो आणि बोटे मोजता येतात.

पाचवा पडदा, नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलगी कालपासून ए आणि डीचे बदल मोजते आहे. गिटार आता सुलटी आहे आणि आकडा चौदावर आहे. भावाला डब्लिनचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो काही बोलला नाही, परंतु रात्री त्याच्या खोलीतून मेट्रोनोमचा आवाज येत होता. नट तपासून घेतला, खाचा खरोखरच उंच निघाल्या. पाचव्या पडद्यावर बाकी तारा वाजतात, मात्र दुसरी तार मुकी राहते. याला काय करावे?

संध्याकाळची शिकवणी, ठाणे

तर्जनीच्या पेराची घडी नेमकी त्या तारेवर येत असावी. जोर वाढवू नका. बोट छताच्या दिशेने दोन-तीन मिलिमीटर सरकवून पुन्हा एकेक तार छेडून पाहा.