कमी पैशांतला गेमिंग संगणक: पुढची वाढ खरी की दुकानदाराचे आमिष?

कृष्णाकाठ

‘हिशेबनीस’ यांनी काल याच मंचावर लिहिले की, पन्नास हजारांच्या आत गेमिंग संगणक जुळवणाऱ्याने ‘पुढे वाढवता येईल’ या शब्दांना भुलू नये. मिळेल तेवढे मोठे ग्राफिक्स कार्ड आजच घ्यावे, बाकीचे भाग स्वस्तातले चालवावेत आणि चार वर्षांनी सगळे एकगठ्ठा विकून मोकळे व्हावे. त्यावर पडलेल्या टाळ्या पाहून राहवले नाही, म्हणून वेगळा धागा काढत आहे.

ज्याच्या खिशात एकदम लाख रुपये आहेत, त्याला वाढीच्या सोयीचे काय अगत्य? ही सोय हातावर पोट असणाऱ्यालाच लागते, कारण तो आज अर्धा संगणक घेतो आणि उरलेला दिवाळीच्या बोनसवर. ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०१७ साली एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरबरोबर एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या खाचेचा हा प्रकार) मदरबोर्ड घेतलेल्या अनेकांना पाच वर्षांनी, केवळ बायोस (बोर्डावरची मूळ प्रणाली) अद्ययावत करून, त्याच बोर्डावर ५६०० किंवा ५८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर बसवता आला. यात कंपनीचे औदार्य होते असेही नाही. मे २०२० मध्ये बी४५० आणि एक्स४७० या एएम४ बोर्डांना पुढचे प्रोसेसर चालणार नाहीत असेच एएमडीने सांगितले होते. ग्राहकांनी गदारोळ केल्यावर तिने तो निर्णय फिरवला.

म्हणून माझे मत असे की आज एएम५ या पुढच्या सॉकेटचा साधा बोर्ड, अंगभूत ग्राफिक्सचा ८६००जी प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या (एकच पट्टी घातली तर अंगभूत ग्राफिक्सचा जीव जातो) आणि बरा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) घ्यावा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक हे खेळ एवढ्यावर व्यवस्थित चालतात. कार्ड पुढच्या वर्षी घ्यावे.

हिशेबनीस

माझ्या मताचा समाचार घेतल्याबद्दल आभारी आहे, परंतु आपण अर्धीच गोष्ट सांगितली. त्याच २०१७ साली ज्यांनी इंटेलचा झेड२७० बोर्ड घेतला, त्यांना वर्ष संपायच्या आत कळले की आठव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटात बसतो, सॉकेटचे नावही एलजीए११५१च राहते, मात्र संगणक चालू होत नाही. ‘वाढवता येईल’ हे आश्वासन पाळले गेले की नाही, हे पैसे देऊन झाल्यावरच समजते. एएम५ला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असे कंपनी म्हणते. म्हणू द्या.

दुसरे असे की, २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव कसे चढले आहेत ते आपल्याला ठाऊक असणारच; कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांची भूक भागवताना मेमरी बनवणाऱ्यांना घरगुती गिऱ्हाईक नकोसे झाले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशियल हे नाव ग्राहकांच्या बाजारातून काढून घेण्याचे जाहीरच केले. अशा दिवसांत एएम५ म्हणजे डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमची सक्ती. त्याऐवजी जुन्या डीडीआर४ रॅमवर चालणारा ५६००, बी५५० बोर्ड आणि वापरलेले आरएक्स ६६०० कार्ड घेतले, तर आपल्या ८६००जीच्या अंगभूत ग्राफिक्सच्या दुपटीहून अधिक वेग आजच मिळतो.

आणि तिसरे, खरे कारण. माझ्या थोरल्या मुलासाठी मीही ‘कार्ड पुढच्या वर्षी’ असेच ठरवले होते. पुढच्या वर्षी धुलाई यंत्र गेले, त्याच्या पुढच्या वर्षी गावाकडचे छत. मुलगा नोकरीला लागला आणि संगणकात कार्डाची खाच अजून मोकळीच आहे. मध्यमवर्गीय घरात वाढीचा पैसा कधीच राखीव राहत नाही.

आडकित्ता

८६००जी ग्राफिक्स कार्डाला आठच लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) देतो हे ‘कृष्णाकाठ’ यांनी सोयीस्करपणे वगळले आहे. ८५००जीची अवस्था तर आणखी बिकट, त्यात चारच. आणि दुकानदार नेमका तोच ‘नवा आहे, घ्या’ म्हणून गळ्यात मारतात.

कृष्णाकाठ

वगळले नाही, अनावश्यक होते. आरएक्स ६६०० असो वा आरटीएक्स ४०६०, ही कार्डे मुळातच आठ लेन वापरतात. ८५००जीबद्दलचे आपले म्हणणे मात्र मान्य, आणि त्यात माझे काहीच जात नाही, कारण मी तो सुचवलाच नव्हता. छताचे म्हणाल तर, वर्षभरात एक कार्ड घेता येत नाही असे गृहीत धरले, तर चार वर्षांनी सगळा संगणक नवा कोणत्या पैशांतून येणार, हेही ‘हिशेबनीस’ यांनी सांगावे.

मध्यरात्र

दोन्ही बाजूंचे विद्वान प्रोसेसरवरून भांडत आहेत आणि ‘हिशेबनीस’ यांच्या मूळ लेखातले सर्वांत घातक वाक्य कुणाच्या डोळ्यांत खुपले नाही: ‘बाकीचे भाग स्वस्तातले चालवावेत’. या ‘बाकीच्या’त एसएमपीएस येतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या माझ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट असे छापले होते. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर ज्यावर जगतात त्या वाहिनीवर अवघे १९२ वॉट. आरएक्स ६६०० एकटे १३२ वॉट मागते. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्या डब्यात नव्हतीच, तेव्हा दुकानदाराने दोन जुन्या चार पिनांच्या वायरींचा जोड करून दिला आणि तो जोड पहिल्याच उन्हाळ्यात वितळला. वॉटचा आकडा वाचणाऱ्याने अँपिअरचा रकानाही वाचावा.

एवढ्याने भागत नाही. बहुतेकांच्या घरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो आणि तो साधारण ३६० वॉटच देतो. त्यातून त्याची लहर शुद्ध नसते, त्यामुळे वीज गेल्याक्षणी काही चांगले एसएमपीएसदेखील संगणक बंद पाडतात. लोडशेडिंगच्या गावात राहणाऱ्याने हा खर्च पन्नास हजारांतच धरायला हवा.

दुसरा_मजला

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या भाड्याच्या खोलीत संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. दुकानदार म्हणाला, एसएमपीएस बदला. बदलला. मुंग्या तशाच आहेत.

मध्यरात्र

ताई, दोष एसएमपीएसचा नाही, भिंतीतल्या तिसऱ्या भोकाचा आहे. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा अल्पसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते आणि तो प्रवाह आपल्या बोटांतून वाट काढतो. एसएमपीएस कितीही महाग आणा, हे होणारच. घरमालकाला सांगून अर्थिंग करून घ्या; तोवर निदान केबल काढताना, लावताना आधी भिंतीवरचे बटण बंद करत जा.

आडकित्ता

एवढा बाऊ कशाला? आमच्याकडे वायरमनने बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थच्या भोकात वायरचा तुकडा टाकून दिला. मुंग्या गेल्या आणि इतक्या वर्षांत काहीही झालेले नाही.

मध्यरात्र

हा सल्ला कृपया मागे घ्यावा. उद्या मीटरपासून येणारी न्यूट्रल कुठे सुटली, तर संगणकाचा संपूर्ण पत्रा २३० व्होल्टवर येईल, आणि आज ज्याला आपण मुंग्या म्हणतो त्याने माणूस जाईल. घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल, तर असा तुकडा टाकल्यावर तो वारंवार पडू शकतो. मग तोच वायरमन ‘हा खराब आहे’ म्हणून आरसीसीबीही काढून टाकतो. म्हणजे वाचवणारे एकच साधन होते, तेही गेले.

आडकित्ता

आपण वीज मंडळात आहात काय? प्रत्येक चाळीत हेच केलेले असते. सगळे मेले नाहीत.

मध्यरात्र

जे मेले ते येथे प्रतिसाद लिहीत नाहीत.

हिशेबनीस

धागा संगणकाचा होता, तो आता अर्थिंगसाठी कोळसा आणि मीठ घालून खड्डा खणण्यापर्यंत पोहोचला. ठीक आहे, ‘बाकीचे भाग’ म्हणताना मला एसएमपीएस अभिप्रेत नव्हता, कॅबिनेट आणि कीबोर्ड होते. तरीही ‘मध्यरात्र’ यांच्या समाधानासाठी मूळ लेखात तशी ओळ घालतो. शेवटी चांगला एसएमपीएस हाच एक भाग असा आहे की जो खरोखर पुढच्या संगणकात जातो. ‘कृष्णाकाठ’ यांनी याला माझी शरणागती समजू नये.

कृष्णाकाठ

समजत नाही, नोंदवून मात्र ठेवतो. मीही एक अपवाद मान्य करतो: ज्याच्या जुन्या संगणकात डीडीआर४च्या दोन धडक्या पट्ट्या पडून आहेत, त्याने आजच्या भावात डीडीआर५च्या वाटेला जाऊ नये, त्याच्यासाठी ५६०० आणि बी५५० हेच बरे. ज्याला सगळेच नवे घ्यायचे आहे, त्याच्याबाबत माझे मत कायम आहे. आणि वापरलेल्या कार्डाचे म्हणाल तर, सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ज्यासाठी कार्डे रात्रंदिवस राबवली जात) बंद पडल्यावर बाजारात जो माल उतरला, तो अजून हातोहात फिरतो आहे. त्याला वॉरंटी कोण देणार?

हिशेबनीस

कोणीही नाही. म्हणून तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच संगणकावर अर्धा तास खेळ चालवून, पंख्याचा आवाज ऐकून आणि बिल मागून घ्यायचे असते. ज्याला एवढे जमत नाही, त्याने खुशाल ८६००जी घ्यावा आणि दिवाळीची वाट पाहावी.

दुसरा_मजला

घरमालक म्हणतो, अर्थिंगचा खर्च भाडेकरूचा. तो कार्डाच्या पैशांतून करावा की यूपीएसच्या, एवढेच कुणीतरी सांगा.

मध्यरात्र

कार्डाच्या.