अंदमान: मुक्काम नेमका कुठे करावा? (सोबत सासूबाई आणि त्यांचे गुडघे)

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानला जातोय. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. विमानाची तिकिटं झाली, सहा रात्री हातात आहेत. घोडं अडलंय ते राहण्यावर.

सासूबाईंची मागणी एकच: सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, बाकी तुम्ही न्याल तिथे येईन म्हणतात. ती कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे जिने आलेच. त्यांचे गुडघे त्या जिन्यांसाठी राखून ठेवायचेत, हॉटेलात खर्च करायचे नाहीत. लेकीला दिवसभर पाण्यात डुंबायचंय. नवऱ्याला फक्त शांतता हवी आहे (ती सहा वर्षांपूर्वीच संपली, पण असो).

हॅवलॉक बेटावर तीन रात्री नक्की. पण राधानगर किनाऱ्याजवळ राहावं, की पूर्वेकडच्या गोविंदनगर-विजयनगर पट्ट्यात? पूर्वेकडे 'खोलीतून थेट समुद्रात' अशा जाहिराती पुष्कळ दिसतात. मागे कोकणात अशाच एका जाहिरातीला भुललो होतो. समुद्र होता, पण ८० पायऱ्या उतरून. तेव्हापासून फोटोंवर विश्वास नाही. शिवाय नील बेटावर एक रात्र काढावी का?

प्रतिसाद १

थेट समुद्र खरा आहे, पण अर्धाच दिवस. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि खाली खडक नि मेलेली प्रवाळं उघडी पडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच. लेकीला तिथे पोहता येईल ते भरतीच्या वेळीच. तारखा बघून पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला हिशेब तिकडे चालवू नका, फसाल.

राधानगरची वाळू मऊ आणि उतार संथ, डुंबायला तेच उत्तम. पण तिथे राहायच्या जागा मोजक्या आणि महाग. जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर आत, आसपास दुकानं कमी. रात्री आजींना औषध लागलं तर पंचाईत. मी असते तर गोविंदनगरला तळमजल्याची खोली घेतली असती आणि राधानगरला रिक्षाने गेले असते. फक्त तीनलाच निघा. जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो, मुंबईच्या घड्याळाने गेलात तर अंधार बघून परत याल. परतीची रिक्षा तीच ठरवून ठेवा.

पाण्यात उतरायचं ते जीवरक्षक असतील तिथेच. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत त्या बेटांवर, सूचनाफलक शोभेचे नाहीत.

प्रतिसाद २

नील गाळा. बेट गोड आहे, पण प्रत्येक बेट बदलताना सामान बांधा, जेट्टीवर चाला, बोटीत चढा, उतरा. गुडघ्यांचा खरा शत्रू तो. आणि लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल बघायला ओहोटीत खडकांवरून चालावं लागतं, ते आजींना जमायचं नाही.

शेवटची रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान काही थांबत नाही. पहिल्या दोन रात्रीही तिथेच, जेल आणि संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम दमायच्या आधी उरकून घ्या. ॲबरडीन बाजाराच्या आसपास राहिलात तर जेल जवळ पडतं. तिकिटांवर श्रीविजयपुरम, स्वराज द्वीप अशी नावं दिसली तर गोंधळू नका, पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकच ते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! २+३+१ ठरलं, नीलवर फुली. गोविंदनगरच्या दोन हॉटेलांना फोन केला. 'तळमजला आहे का' याला दोघंही हो म्हणाले. 'खोलीपर्यंत पायऱ्या किती' विचारल्यावर एकजण थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला चौदा. दुसऱ्याकडे दोन आहेत. तिथे आगाऊ रक्कम भरतेय.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न: जेलच्या जिन्याला कठडा आहे का? कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज.