प्रयोगशाळेतल्या रक्त-पेशींच्या नमुन्यांच्या नोंदी मुक्तस्रोत (कोड कोणालाही पाहता-बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्येच असाव्यात का?

स्वरा_लॅब
माझं मत: असाव्यात. उणे ८० अंशांवर किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेले नमुने दशकानुदशकं टिकतात. तेवढा काळ कुठल्याही कंपनीचा मालक, दर आणि धोरण तेच राहील याची खात्री कोण देणार? नमुना कोणाचा, कधी घेतला, किती वेळा वितळवला, संमती कशासाठी होती, हे कळत नसेल तर तो संशोधनाला निरुपयोगी. दात्यांनी विश्वासाने दिलेल्या या ठेवीची किल्ली बंद डेटाबेसमध्ये नको.

देशकर
असहमत. लायसन्स फुकट मिळतं, सर्व्हर सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा कॅबिग कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला, त्यातून नमुन्यांच्या नोंदींसाठी कॅटिश्यू हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आलं. २०११ च्या आढाव्यात कॅबिगवर कडक टीका झाली आणि पुढे तो गुंडाळला गेला. निधी आटल्यावर दुरुस्त्या कोणाकडे मागायच्या? कंपनीशी निदान करार असतो.

स्वरा_लॅब
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं! कार्यक्रम बंद पडला, पण कोड खुला होता म्हणून कॅटिश्यूतून ओपनस्पेसिमेन हे नवं सॉफ्टवेअर उभं राहिलं. बिका लिम्स या प्रयोगशाळांसाठीच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या कोडवर दक्षिण आफ्रिकेत बायोबँकांसाठी (नमुने साठवणाऱ्या संस्थांसाठी) बाओबाब लिम्स तयार झालं. बंद सॉफ्टवेअर कंपनीनेच सोडून दिलं तर ते पुढे न्यायचा हक्कही आपल्याला नसतो.

देशकर
ओपनस्पेसिमेनमागेही कंपनी आहे आणि त्याची सशुल्क आवृत्तीही आहे. पैसे मोजून आधार घ्यावाच लागतो, एवढंच म्हणतोय.

गुणवत्ता_कक्ष
देशकरांना दुजोरा. नोंदी एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामकाच्या) इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीच्या २१ सीएफआर भाग ११ या नियमाखाली येत असतील तर ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद), इलेक्ट्रॉनिक सही, व्हॅलिडेशन (प्रणाली नीट चालते याचा पुरावा) हे सगळं आलं. त्याची बरीच कागदपत्रं विक्रेता तयार देतो. छोट्या प्रयोगशाळेने ती स्वतः कधी लिहायची?

नीरजा
विक्रेत्याची कागदपत्रं कामाला येतात, पण आपल्या वापरासाठी प्रणाली योग्य आहे हे दाखवायची जबाबदारी प्रयोगशाळेचीच राहते.

मी रोज नमुने हाताळते. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्याआधीच बऱ्याच ठिकाणी एक्सेल येऊन बसलंय. ते काही जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकतं. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. पण मला जास्त काळजी संमतीची वाटते. एका नळीतल्या रक्ताचा प्लाझ्मा होतो, डीएनए काढला जातो, प्रत्येकाच्या अनेक कुप्या भरतात, काही दुसऱ्या संस्थेत जातात. दात्याने संमती मागे घेतली की यातली प्रत्येक कुपी सापडायला हवी. मूळ नमुना आणि त्याच्या कुप्या यांचं नातं शीटमध्ये हाताने जपणाऱ्याकडून एक ओळ सुटली, तरी 'नको' म्हणालेल्या माणसाच्या नमुन्यावर प्रयोग होऊ शकतो. त्यापेक्षा सांभाळायला माणूस नसलेलं मुक्तस्रोतही परवडलं.

देशकर
शेवटचं वाक्य पटलं नाही. अद्ययावत न केलेल्या सर्व्हरवरून दात्यांची माहिती फुटली तर तोही विश्वासघातच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या असंख्य प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत घटकातली सुरक्षा-त्रुटी उघड झाली तेव्हा जगभर तातडीने दुरुस्त्या कराव्या लागल्या. ज्यांच्याकडे माणूस नव्हता त्यांचं काय?

स्वरा_लॅब
लॉगफोरजे बंद सॉफ्टवेअरच्या पोटातही होतं. माणूस हवा, हे मात्र मान्य. अनुदानाच्या अर्जात फ्रीझरसोबत त्याचा पगारही मागा. आणि कुठलीही प्रणाली घेण्याआधी सगळा डेटा, नमुन्यांची नाती आणि ऑडिट ट्रेलसकट, बाहेर काढून दुसरीकडे भरून बघा. विक्रेता याला तयार नसेल तर सही करू नका.